जर्मनीला धाडलेली यादी

कुमुद,

तुझ्या शोकसभेत मी तीनदा खोकले. सर्दी नव्हती. पहिल्यांदा खोकले ते "ताई अत्यंत मितभाषी होत्या" या वाक्याला. दुसऱ्यांदा "त्यांनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही" याला. समोरच आपल्या धानाच्या बांधीत रोवणीला येणाऱ्या चार बाया बसल्या होत्या, त्यांनी एकमेकींकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. तिसऱ्यांदा खोकले, तेव्हा वक्ते म्हणत होते, "जर्मनीतलं मानाचं पद सोडून ताई मायभूमीच्या ओढीनं गोरेगावला परतल्या." आणि मग त्यांनी रुमाल काढला.

माझ्या मागची बाई शेजारणीच्या कानात म्हणाली, "ओढ कायची व? वहिनीनं यादी कापली म्हनून तिले वापस यावं लागलं ना." आपल्याकडची कुजबुज तुला ठाऊक आहे, दोन बांध्या ओलांडून पलीकडं ऐकू जाते. मी मान खाली घातली. तुझं जर्मनीतलं पद माझ्यामुळं गेलं, हे गावाला माहीत आहे, कारण गावाला ते मीच सांगितलेलं आहे.

ही शोकसभा तेराव्याच्या आदल्या दिवशीची. तेराव्यानंतर चार दिवसांनी जर्मनीहून फोन आला, आणि तेव्हापासून मी तुझ्याशी भांडते आहे. घरच्यांना वाटतं, म्हातारी दुःखानं पुटपुटते. दुःख आहेच. पण पुटपुटते ती संतापानं.

तुझं शिक्षण, तुझे शोधनिबंध, तुझे पुरस्कार, हे सगळं पेपरात आलं आहे. फोटो मात्र कुणीतरी लग्नातला दिला. त्यात तू उडदाचा वडा तोंडात घालते आहेस. आता पेपरवाल्यांचं झालं, वक्त्यांचं झालं. माझं ऐक.

मी या घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि तू नऊ. नणंद म्हणून सासूबाईंच्या देखत तुला 'कुमुदबाई' म्हणावं लागे. तुझा शेंबूड पुसायचा आणि म्हणायचं, "कुमुदबाई, नाक इकडं करा." दहावीपर्यंत शिकलेली सून गल्लीत मी एकटीच, त्यामुळं त्या एकोणीस वर्षांच्या बाईला स्वतःच्या अकलेचा फार अभिमान. येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले द्यायची. कुणी विचारलेले नसायचे. एकदा तू बांधीतून धानाचं रोप मुळासकट उपटून आणलंस आणि माझ्यासमोर धरलंस.

"वहिनी, हे रात्रंदिवस पान्यात बुडून राह्यते. मरत काऊन नाई?"

"सवय हाय त्याले," मी ठामपणे सांगितलं.

तू नुसतं पाहिलंस. नऊ वर्षांच्या पोरीला माझ्या अकलेचा तळ त्या दिवशीच दिसला. पुढं आयुष्यभर तू त्याच प्रश्नामागं होतीस, चिखलात बुडालेलं मूळ श्वास कसा घेतं म्हणून. मोठमोठ्या लोकांनी तुझं ऐकून घेतलं. आणि एवढं सगळं कळून, माझा तळ माहीत असून, आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद लिहायला तू आलीस कुणाकडं? माझ्याकडं! यालाच मी डोकं आपटून घेत होते इतकी वर्षं.

तू तेव्हा बावन्न वर्षांची होतीस, मी बासष्ट. जर्मनीतलं एक विद्यापीठ तुला बोलावत होतं. तू मला समजावून सांगितलंस: त्यांच्याकडं अशी योजना असते, जगभरातली नावाजलेली माणसं शोधायची, त्यांना प्राध्यापक म्हणून न्यायचं, पाच वर्षं त्यांच्या संशोधनाला सरकारचं पाठबळ द्यायचं. पाच वर्षांनंतर कायम ठेवायचं का, ते विद्यापीठानं ठरवायचं. धानाच्या मुळांवर काम करणारी बाई त्यांना हवी होती आणि धुंडाळत धुंडाळत ते तुझ्यापाशी आले होते. त्या बासष्ट वर्षांच्या शहाण्या बाईनं काय म्हणावं? ती म्हणाली, "फोनवर नंबर मागतला तर देऊ नको व. बँकेतून पैसे जातेत."

मग त्यांचं पत्र आलं. तुम्हाला काय काय लागेल ते लिहून कळवा, त्यावर आपण बोलू. तू ते घेऊन सुट्टीत घरी आलीस. मी अंगणात लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसले होते. तू समोर पाट घेऊन बसलीस.

"लिहिलं वहिनी. सतरा गोष्टी झाल्या."

"सतरा? वाच."

तू वाचत गेलीस. गरम ठेवता येईल असं काचघर, त्यात चिखलाच्या बारा टाक्या. पीएचडी करणारे दोघं. हाताखाली एक कायमचा मदतनीस. आपल्या बांधीतली माती तिकडं नेण्याची परवानगी त्यांनी काढून द्यायची. खिडकी असलेली खोली. जर्मन शिकवायला माणूस. दर आषाढात रोवणीसाठी महिनाभर घरी यायची मोकळीक. भाताचा कुकर. असं करत करत शेवटचं, सतरावं: काम चांगलं झालं तर पाच वर्षांनी जागा कायम करू, असं आत्ताच लेखी द्यावं.

मी पदराला हात पुसले.

"बाई, हे सोयरीक जोडनं हाय का मोडनं?"

"अवं, तेच इचारून राहिले."

"इचारतेतच. पोरगी पाहाले आलेले लोक इचारत नाई? 'बोला, तुमची काय अपेक्षा?' मंग आपन काय खिशातून यादी काढतो? आपन म्हनतो, काही नको, तुमची मानसं चांगली, आमचं सारं भरून पावलं. मंग ते मधल्या मानसाले धाडतेत. तो येते, बाजूले बसते, हळूच इचारते. तवा सांगावं."

"जर्मनीत मधला मानूस नसते वहिनी."

"नसते? मंग त्याह्यची लग्नं कशी होतेत?"

इथं मी जिंकले असं मी धरलं. तुझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि कागद मांडीवर ओढला. बारा टाक्या उडवल्या. पीएचडीवाले उडवले, जर्मनीत काय पोरांची कमी आहे? रोवणीची सुट्टी उडवली, नवी नवरी पहिल्याच दिवशी माहेरचं नाव काढते का? आणि सतराव्यावर मी दोनदा काट मारली. "लगन लागलं नाई नि म्हातारपनाचं बोलून राहिली! काय वाटंन त्याह्यले?" शेवटी चार गोष्टी उरल्या. काचघर, एक मदतनीस, खिडकी आणि कुकर. कुकर मी मुद्दाम ठेवला. भात मिळाला नाही तर तू मरशील, एवढं विज्ञान मला कळत होतं.

तू कागद घडी करून पर्समध्ये ठेवलास. "बरं वहिनी," म्हणालीस. दोन दिवसांनी गोंदियाहून फोन केलास, "पाठवलं." मी विचारलं नाही काय पाठवलं. मी कशाला विचारू? मी लिहून दिलं होतं ना!

काही दिवसांनी आणखी एक फॉर्म आला. त्या विद्यापीठात स्वागताचं एक वेगळं ऑफिस होतं आणि तिथं उर्सुला नावाच्या बाई होत्या. बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकांना घर शोधून द्यायचं, सरकारी कागद करून द्यायचे, लेकरांची शाळा पाहायची, आणि प्राध्यापक बाईच्या नवऱ्याला नोकरीसुद्धा शोधून द्यायची! आपल्या तालुक्यात असं ऑफिस उघडलं तर दारात रांग लागेल. तुला नवरा नव्हता, तू लग्नच केलं नाहीस. कुटुंबाच्या रकान्यात तू तुझ्या दादाचं आणि माझं नाव लिहून मोकळी झालीस. झालं, उर्सुलाबाईंनी माझ्यासाठी नोकरी शोधायला घेतली. माझ्या कामाचा अनुभव विचारला. आपल्या रश्मीनं, गोंदियाच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सुनेनं, मला विचारलं, "मम्मी, काय लिहू?" मी म्हटलं, "लिही, सल्ले देणे, त्रेचाळीस वर्षं." तिनं खरंच लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: या क्षेत्रात सध्या जागा रिकामी नाही, परंतु आपलं नाव नोंदवून ठेवलं आहे.

आपण किती हसलो होतो. तू तर पाटावरून घसरलीस.

तिकडं पोचल्यावर आठवड्यानं तुझा फोन आला. विभागाच्या प्रमुखांनी तुला घरी जेवायला बोलावलं होतं.

"वहिनी, त्याह्यनं भांडं समोर आनलं. मी म्हनली, नको, बस. तर भांडं पुढंच गेलं!"

"म्हंजे?"

"म्हंजे पुढच्या मानसाकडं गेलं. परत आलंच नाई! मी उपाशी घरी आली नि कुकर लावला."

आपल्या पंगतीत असं कुणी करून दाखवावं. जेवणारा ताटावर हात आडवा धरतो, वाढणारा "घ्या हो, घ्या हो" करत बोटांच्या फटीतून भात सोडतो. एकदा नको म्हटल्यावर भांडं पुढं नेलं तर त्या घरची अब्रू दुसऱ्या दिवशी तालुकाभर निघते. मी पोट धरून हसले. आणि हसता हसता मला यादी आठवली.

"कुमुद, मंग यादीचं बी तसंच झालं काय व? आपन नको म्हटलं, नि त्याह्यनं भांडं पुढं नेलं?"

तू हसलीस.

"जाऊ दे वहिनी. कुकर तर भेटला ना."

या 'जाऊ दे'नं माझी अकरा वर्षं खाल्ली.

त्यानंतर पाच वर्षं मी माझ्या डोक्यात तुझी खोली बांधत राहिले. तळघरात, वीतभर खिडकीची, एका कोपऱ्यात एकुलती एक चिखलाची टाकी आणि तिच्यावर वाकलेली तू. रोवणीला तू दर आषाढात यायचीस, तर मला वाटायचं, बिचारी हातापाया पडून सुट्टी मागते. "लॅबचा फोटो पाठव" म्हटलं, तर तू पावाच्या दुकानाचा फोटो पाठवलास. मला वाटलं, लपवते. तीनदा तू आम्हाला तिकडं बोलावलंस. मी गुडघ्याचं कारण दिलं, म्हशीचं दिलं, तुझ्या दादाला विमानाची भीती वाटते असंही सांगितलं. त्या बिचाऱ्याला कुणी विचारलंही नव्हतं. खरं कारण एवढंच, की माझ्या पेन्सिलनं तुझं काय केलं ते मला डोळ्यांनी पाहायचं नव्हतं. गेले असते तर पहिल्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं. पण भित्र्या माणसाला शिक्षा दुप्पट होते, तशी ती मला झाली.

पाचवं वर्ष सरत आलं आणि तुझा दादा बांधीच्या धुऱ्यावर, बांधावरच, पडला. लकवा. उजवं अंग गेलं, बोलणं तोंडात अडकलं. मी तुला फोन केला. त्या फोनचं मी पुढं सांगते. तीन आठवड्यांनी तू परत आलीस, सामानसुमान घेऊन. पाच वर्षं संपली, पुढं ठेवलं नाही, म्हणालीस.

गावात लगेच सुरू झालं. "काऊन व, काढून टाकलं काय कुमुदले?" आठवडी बाजारात एकीनं मला वांग्याच्या ढिगाऱ्यासमोर विचारलं, तेव्हा मी चार लोक ऐकतील असं म्हटलं, "काढलं-बिढलं नाई. माझ्यानं झालं ते. मीच तिची यादी कापली, कायमचं लिहून घेऊ देलं नाई." तुझ्या नावाला बोल लागण्यापेक्षा माझी अक्कल निघालेली बरी, असा माझा हिशेब. तू बाजूला उभी होतीस, हातात कोथिंबिरीची जुडी. तू ऐकलंस. एक शब्द बोलली नाहीस.

पुढं तर तू त्याचा खेळच केलास. कुठल्याही लग्नात, बारशात कुणी म्हणायचं, "आत्या, ते यादीचं सांगा ना." आणि तू उठायचीस. चष्मा नाकावर ओढायचा, पदर खोचायचा, हवेत पेन्सिल धरायची. "बाई, हे सोयरीक जोडनं हाय का मोडनं?" मांडव हसायचा. मीही हसायची, सगळ्यांत मोठ्यानं. घरी आल्यावर तुला म्हणायची, "कुमुद, एकदा भांड माझ्याशी. शिव्या दे. माझं डोकं हलकं होईल." तू मातीची डबी उन्हाला धरून पाहत असायचीस, वळायचीही नाहीस. "तुझी चूक नाई वहिनी." दर वेळी तेच. तुझी चूक नाई. मला वाटायचं, देवासारखी क्षमा करते आहे, आणि त्याचाच मला राग यायचा. माणसानं इतकं चांगलं असू नये. शेजारी राहणाऱ्याला त्रास होतो.

तू क्षमा करत नव्हतीस. तू अक्षरशः खरं सांगत होतीस! आणि मी ऐकत नव्हते.

मंगळवारी सकाळी फोन आला. रश्मीनं मोबाइल पाण्याच्या माठाला टेकवून उभा केला. उर्सुलाबाई आता निवृत्त झाल्या आहेत, पांढऱ्या केसांच्या, तुझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांना तुझी बातमी उशिरा कळली. आधी आम्ही दोन म्हाताऱ्या नुसत्या एकमेकींकडं बघत बसलो. मग त्या बोलू लागल्या आणि रश्मी सांगू लागली.

"मम्मी, त्या म्हणतात, आत्यांची यादी त्यांना अजून पाठ आहे."

मी लाजेनं अर्धी झाले. "सांग त्यांना, चारच गोष्टी मागितल्या ती चूक तिची नव्हती. माझी होती."

रश्मीनं सांगितलं. उर्सुलाबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी काहीतरी विचारलं. रश्मीनं माझ्याकडं पाहिलं.

"मम्मी, त्या म्हणतात, चार कोण म्हणालं? सतरा होत्या."

"परत इचार."

"सेव्हन्टीन?" रश्मीनं विचारलं. उर्सुलाबाईंनी दोन्ही पंजे वर केले, मग एक पंजा, मग दोन बोटं.

"म्हणतात, इतकी नीट यादी त्यांनी दुसरी पाहिली नाही. प्रत्येक गोष्टीपुढं ती कशासाठी हवी ते लिहिलं होतं. नंतर जे परदेशी प्राध्यापक यायचे त्यांना त्या सांगायच्या, लाजू नका, असं लिहा. त्यातल्या सोळा गोष्टी मान्य झाल्या. टाक्या, माणसं, माती, रोवणीची सुट्टी, सगळं."

"नि सतरावी?"

रश्मीनं विचारलं, ऐकलं, आणि ती माठावरचं झाकण नीट करू लागली.

"बोल ना व!"

"ती तेव्हा नाही दिली. पाच वर्षांनी दिली, मम्मी. जागा कायम केली होती. कागद तयार होता. आत्यांनी सहीसाठी आठ दिवस मागून घेतले आणि आठव्या दिवशी नाही म्हणून कळवलं. घरी भाऊ आजारी आहे म्हणाल्या."

माठातून पाणी झिरपत होतं आणि मोबाइल खालून ओला होत होता. मी तो उचलून पदरानं पुसला. उर्सुलाबाई बोलतच होत्या, माझ्या हातात, अगदी जवळ.

त्यांनी सोडलं नव्हतं तुला, कुमुद. त्यांनी विचारलं होतं, घरच्यांनाच इकडं आणलं तर? तळमजल्याचं घर पाहू, भावासाठी डॉक्टर पाहू, किती माणसं आहेत? आणि तू सांगितलंस, एक भाऊ, एक वहिनी, पुतण्या, त्याची बायको, दोन नातवंडं, चार बांध्या आणि एक तलाव. उर्सुलाबाईंनी आधी सगळं लिहून घेतलं आणि मग म्हणाल्या, शेवटच्या दोन्हींचं आम्हाला जरा अवघड जाईल. तू हसायला लागलीस आणि हसणं थांबलं तेव्हा रडत होतीस. मग त्यांनी विचारलं, वहिनीशी बोललात का? त्यांचं काय म्हणणं? त्यावर तू म्हणालीस, "तिला सांगायचं नाही. तिला कळलं तर ती मला इथंच ठेवून घेईल."

"मम्मी, ठेवलं असतं?" रश्मीनं मध्येच विचारलं. हे भाषांतर नव्हतं. मी तिच्यावर खेकसले, "चहा ठेव."

आता सांग, मी काय करू या संतापाचं? माझ्या पेन्सिलीनं काही केलं नव्हतं. तू दोन दिवस विचार केलास, माझ्या काटा खोडून काढल्यास आणि जे हवं ते सगळं मागितलंस. शाबास! हेच करायला हवं होतं. मग तोंडानं का नाही सांगितलंस? "वहिनी, तुझं ऐकलं नाही," एवढं वाक्य. आधी मला वाईट वाटेल म्हणून गप्प. मग परत आलीस तेव्हा तुला ते कामाला आलं. माझ्या पदरात तू एक छोटा, गंमतीदार, लग्नात सांगण्यासारखा अपराध टाकून ठेवलास, म्हणजे मोठा माझ्या नजरेला पडू नये. मला वाटत राहिलं, मी तुझी जागा घालवली ती मूर्खपणानं. आमच्यासाठी तू ती हातानं सोडलीस, हे मला कळू द्यायचं नव्हतं तुला.

कुणी सांगितलं होतं? एवढं मोठं विद्यापीठ, जग धुंडाळून तुला नेतं, आपल्या बांधीची माती विमानानं मागवतं, तुझ्या वहिनीला सल्ले द्यायची नोकरी शोधतं. याहून जास्त एखाद्यानं काय करावं! आणि तू ते सोडून कशासाठी आलीस, तर एका हट्टी म्हाताऱ्याचा उजवा हात चोळायला. घमेल्यात चिखल कालवून त्याच्या बोटांत धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, द्यायचीस, "दादा, लाव." पहिल्या महिन्यात त्याला एक रोप लावता येईना. दोन वर्षांनी, जाण्याआधी, तो एका बैठकीत दहा लावायचा, वाकडी-तिकडी, आणि तू ती तुझ्या वहीत तारीख घालून लिहायचीस, जणू जर्मनीला कळवायची आहेत. त्या दोन वर्षांत मी एकटी असते तर मोडून पडले असते. हे मी तुला कधी म्हटलं नाही. कसं म्हणू? मला वाटायचं, नोकरी गेली म्हणून बिचारी रिकामी आहे, हात चोळते. रिकाम्या माणसाचे आभार कोण मानतं? तो हक्कही तू माझ्याकडून काढून घेतलास.

दादा गेल्यावर तरी परत जायचंस. बोलावलं असतं त्यांनी. नाही गेलीस, इथंच चार बांध्यांत प्रयोगाच्या खुणेच्या काठ्या रोवून बसलीस. कदाचित तुला काचघरातल्या टाक्यांचा कंटाळा आला होता आणि खरा चिखल हवा होता. कदाचित दादाचं दुखणं तुला निमित्त झालं असेल. असं असेल तर माझा भार निम्मा होतो, म्हणून मी मुद्दाम तसं मानून पाहते. दिवसभर टिकतं, संध्याकाळी टिकत नाही. खरं काय ते तू एकटी सांगू शकली असतीस, आणि तू तर जन्मभर "जाऊ दे वहिनी" करत गेलीस.

मी मात्र जाऊ देणार नाही. माझं सांगते.

तो फोन. दादा दवाखान्यातून घरी आला त्या दिवशीचा. तू विचारलंस, "वहिनी, मी येऊ?" मी म्हटलं, "नको. तू कायले येतं? आमी करून घेतो." तू पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, "नको म्हटलं ना व." तिसऱ्यांदाही नको म्हटलं. गेली सहा वर्षं मी सगळ्यांना छाती पुढं काढून सांगते, मी तिला येऊ नको असंच म्हटलं होतं. शब्द तेच होते, त्यात खोटं नाही. पण मी ते कशी म्हणाले ते तुला आणि मलाच माहीत आहे. ताटावर हात आडवा धरला होता आणि बोटं फाकवून ठेवली होती. तुझ्या त्या उर्सुलाबाईंना असा फोन केला असता तर त्या म्हणाल्या असत्या, ठीक आहे, आणि भांडं पुढं गेलं असतं. तू पाच वर्षं त्या लोकांत राहून आलीस, तरी तुला आपली भाषा विसरता आली नाही.

रश्मीला मी उत्तर दिलं नाही, तुला देते. कळलं असतं तर ठेवलं असतं का मी तुला तिकडं? पेन्सिल हातात घेऊन फर्मान काढणारी ती बाई म्हणाली असती, हो, ठेवलं असतं, खबरदार परत आलीस तर. ती फार बोलते. तिचं ऐकू नको.

तू आलीस ती सकाळ मला अजून दिसते. मी दादाची चादर धुवून तारेवर टाकत होते. फाटक वाजलं. तू उभी होतीस, मोठी निळी बॅग, पायात तिकडचे बूट. मी शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "कायले आली व? नको म्हटलं होतं ना?" तू म्हणालीस, "नोकरी संपली वहिनी." मी पुढं झाले आणि तुझ्या हातातून बॅग घेतली. सतरावी ओळ, माझ्या काटा, तुझं झालेलं नुकसान, हे सगळं मला आठवलं ते दुपारी, तांदूळ निवडताना. ती बॅग उचलून पायरी चढले तेव्हा यातलं काहीएक मनात नव्हतं. तेव्हा मनात एकच आलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, दादालाही नाही, देवासमोरही नाही.

आली बाई एकदाची. सुटले.